घोषणा, लीज आणि टिपर : डिचोलीच्या खाणपट्ट्यातला अनुभव

उत्तर गोव्याच्या खाणपट्ट्यात पुन्हा टिपर घेण्याची बोलणी सुरू झाली आहेत. लिलावात गेलेल्या एखाद्या ब्लॉकला (खाणक्षेत्राला) पर्यावरण दाखला मिळाल्याची बातमी आली, की साखळी-डिचोली भागातली ओळखीची मुले आमच्याकडे येतात आणि आता कर्ज काढावे का, असे विचारतात. तोंडी सांगताना प्रत्येक वेळी काही ना काही राहून जाते, म्हणून २०१० पासून २०२५ पर्यंत आम्ही कशातून गेलो, ते तारखांसह येथे लिहून ठेवत आहे. आमच्या घरात टिपर चालवण्याचे काम माझे पती आणि दीर करतात. बँक, विमा, वाहतूक खाते आणि खाण खाते यांचे कागद पहिल्यापासून माझ्याकडे आहेत. त्यामुळे हा वृत्तान्त बराचसा फायलींचा आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये आम्ही दहा टनी दोन टिपर घेतले. त्या काळात चीनमधल्या पोलाद कारखान्यांना गोव्याचे कमी प्रतीचे खनिजही हवे होते आणि २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. पाळी, वेळगे, सुर्ल, कुडणे या गावांतून मांडवीकाठच्या धक्क्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रकांची रांग तुटत नसे. एका टिपरची किंमत साडेबारा लाखांच्या आसपास होती. प्रत्येकी अडीच लाख आम्ही घातले, त्यांत सासूबाईंच्या मुदतठेवीचेही पैसे होते. उरलेले दहा-दहा लाख एका नागरी सहकारी बँकेने ४८ हप्त्यांच्या बोलीवर दिले. एका टिपरचा महिन्याचा हप्ता २७,००० रुपयांच्या जवळपास बसला. पहिली पावणेदोन वर्षे हप्ते वेळेवर गेले.

कर्ज देताना बँकेने आमचे उत्पन्नाचे दाखले, जामीनदार आणि घराचा उतारा पाहिला. ज्या खाणींवर हे टिपर लागणार होते, त्यांच्या लीजची (खनिज काढण्यासाठी ठराविक मुदतीने मिळालेल्या हक्काची) मुदत काय आहे, हा प्रश्न बँकेने विचारला नाही, विमा कंपनीने विचारला नाही, आणि तो विचारायचा असतो हे आमच्यापैकी कोणाला ठाऊकही नव्हते. गोव्यातली बहुतेक लीजे ही मूळची पोर्तुगीज काळातली खाण कन्सेशने. १९८७ च्या कायद्याने त्यांचे लीजांत रूपांतर झाले आणि नूतनीकरण धरून त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. पुढच्या नूतनीकरणासाठी कंपन्यांनी अर्ज केले होते. सरकारने त्या अर्जांवर वर्षानुवर्षे निर्णयच घेतला नाही आणि अर्ज प्रलंबित असेपर्यंत लीज चालू आहे, असे मानून खनिज काढले जात राहिले. आमचे टिपर ज्या दिवशी पहिल्यांदा खाणीत उतरले, त्या दिवशी त्या खाणीचा कागद असा अधांतरी होता. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ मला या न दिलेल्या निर्णयात दिसते.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल संसदेत मांडला गेला. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, चार दिवसांनी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण दाखले स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम व वाहतूक दोन्हींवर बंदी आणली. राज्य सरकारची स्थगिती तात्पुरती आहे, असे तेव्हा सांगण्यात आले होते. चतुर्थीनंतर काम सुरू होईल, मग दिवाळीनंतर, मग नव्या वर्षात, असे प्रत्येक सभेत ऐकायला मिळत होते आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून दोन्ही टिपर तयार ठेवले होते.

उभा टिपर पैसे खातो, हे या काळात कळले. टायर एका जागी राहून चिरतात, बॅटरी जाते, पावसाळ्यात हौद्याचा पत्रा गंजतो. विमा, फिटनेस आणि रस्ता कर मात्र आपल्या तारखेला हजर असतात. यावर उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. वाहन काही महिने चालवायचे नसेल, तर तसे वाहतूक खात्याला आगाऊ लेखी कळवावे, त्यात वाहन कोठे उभे राहणार तो पत्ता द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारलेली पोच घ्यावी. मागाहून केलेल्या अर्जाला कोणी दाद देत नाही. विमा मात्र पूर्ण सोडू नये; सर्वंकष विमा परवडत नसेल तर तृतीय पक्षाचा तरी चालू ठेवावा, कारण खंड पडलेल्या वाहनाची तपासणी होऊन नव्याने विमा निघेपर्यंत हातातले काम दुसऱ्याकडे जाते.

२०१३ मध्ये आम्ही एक टिपर बँकेच्या ना हरकत दाखल्यासह सिंधुदुर्गातल्या एका व्यावसायिकाला विकला. सहा लाख आले, ते सगळे कर्जात गेले आणि तरीही त्या खात्यात बाकी राहिली. सरकारने ट्रकमालकांसाठी मासिक अर्थसाहाय्याची योजना आणली होती, तिचा अर्ज मी भरला. नोंदणी पुस्तक, बंदीपूर्वी खनिज वाहतूक केल्याचा पुरावा, बँकेचे पत्र आणि निवासी दाखला असे कागद लागले. यांतला वाहतुकीचा पुरावा अनेकांपाशी नव्हता, कारण खेपांच्या चिठ्ठ्या कंत्राटदाराकडे जमा होत आणि हिशेब तोंडी चाले. मी प्रत्येक महिन्याच्या हिशेबाच्या कागदाची प्रत ठेवत आले होते, त्यामुळे आमचा अर्ज अडला नाही. आजही मुलांना मी हेच सांगते, की पैसे रोख मिळोत वा खात्यात, खेपेचा कागद स्वतःपाशी असला पाहिजे.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली, पण त्यासोबत सगळी लीजे २००७ मध्येच संपुष्टात आली होती असे ठरवले आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. आमच्या गावात त्या संध्याकाळी फटाके वाजले. निकालाची प्रत मी दुसऱ्या आठवड्यात एका वकिलांकडून समजावून घेतली तेव्हा लक्षात आले, की बंदी उठली असली तरी खाण चालवायला वैध लीज कोणाकडेच उरलेली नाही. यापुढे कोणत्याही निकालाच्या बातमीवर न थांबता त्याचा शेवटचा, आदेशाचा भाग वाचायचा किंवा वाचून घ्यायचा, असे मी तेव्हाच ठरवले.

त्याच वर्षी खाणबाधित कर्जदारांसाठी एकरकमी तडजोडीची योजना आली. विकलेल्या टिपरची बाकी आणि दुसऱ्या टिपरचे कर्ज अशी दोन्ही खाती आम्ही तिच्यात नेली. व्याजाचा मोठा भाग सुटला, उरलेली रक्कम माहेरच्या मदतीने भरली आणि २०१५ च्या उन्हाळ्यात खाती बंद झाली. एक गोष्ट मात्र बँकेत कोणीही आपणहून सांगितली नाही. तडजोडीने बंद झालेले खाते पतनोंदीत ‘पूर्ण फेडले’ असे दिसत नाही, ‘तडजोड’ असेच दिसते, आणि पुढे काही वर्षे त्या नावावर नवे कर्ज मिळणे कठीण होते. माझ्या पतींच्या बाबतीत तसेच झाले. अशी योजना घेण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारावा आणि घरातल्या सगळ्यांची नावे एकाच कर्जात अडकवू नयेत.

ऑगस्ट २०१५ मध्ये दक्षिण गोव्यातल्या कोडलीच्या खाणीपासून खाणकाम पुन्हा सुरू झाले. आता खनिज वाहणाऱ्या प्रत्येक ट्रकाची खाण खात्याकडे नोंदणी आणि जीपीएस यंत्र सक्तीचे झाले होते. वजनाची मर्यादा काटेकोर झाली, गावातून जाण्याच्या वेळा ठरल्या आणि चिठ्ठी संगणकावर निघू लागली. हे बदल मला मनापासून पटले. पूर्वीच्या बेसुमार भरणीत रस्ते गेले, अपघात झाले, शेतांत खाणीचा गाळ उतरला. माझ्या माहेरी, मये परिसरात, मी तो गाळ भातशेतीत साचलेला पाहिला आहे. खेपा कमी झाल्या तरी नियमाने चाललेले काम टिकेल, असे आम्हाला वाटले.

तसे वाटण्याला कागदाचा आधारही होता. उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१४ च्या आदेशानंतर राज्य सरकारने ८८ लीजांचे नूतनीकरण केले होते आणि त्यांची मुदत २०२७ पर्यंत होती. या वेळी लीजची मुदत मी स्वतः पाहिली. मार्च २०१७ मध्ये दिरांच्या नावावर नवा टिपर घेतला. १८ लाखांचे कर्ज, ६० हप्ते, महिन्याला ४१,००० च्या आसपास. लीजची मुदत संपण्याच्या पाच वर्षे आधी कर्ज फिटणार होते.

७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सर्व ८८ नूतनीकरणे रद्द केली आणि १५ मार्चपर्यंत काम थांबवण्यास सांगितले. कारण समजून घेण्यासारखे आहे. १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने अध्यादेश काढून खनिज लीजे लिलावानेच द्यायची, असे ठरवले. राज्याने ही नूतनीकरणे त्या आधीच्या जेमतेम दोन-अडीच महिन्यांत उरकली होती. त्यांतली कित्येक तर अध्यादेश निघाला त्याच दिवशी झाली. सात वर्षे जे अर्ज पडून होते, त्यांवर अशा रीतीने निर्णय झाले आणि न्यायालयात ते टिकले नाहीत. दिरंगाई आणि घाई या दोन्हींचा भार शेवटी हप्ता भरणाऱ्यावर पडला. वैध दिसणारा कागद पाहून कर्ज काढणाऱ्याने आणखी काय पाहायचे, याचे उत्तर मला त्या दिवसांत कोणी देऊ शकले नाही.

मार्च २०१८ मध्ये पणजीत खाण अवलंबितांचे आंदोलन झाले, त्यात माझे पती आणि दीर होते. मांडवी पुलाजवळ वाहतूक अडली, लाठीमार झाला. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर तेव्हा उपचारांसाठी परदेशात होते. पुढच्या काळात पर्रीकरांचे निधन झाले, मार्च २०१९ मध्ये आमच्याच साखळीचे आमदार प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले आणि आता तरी मार्ग निघेल, असे घराघरांत बोलले जाऊ लागले.

खरे म्हणजे मार्ग त्या फेब्रुवारीतल्या निकालातच लिहिलेला होता. कायद्यानुसार नवी लीजे द्यावीत आणि त्यांसाठी नवे पर्यावरण दाखले घ्यावेत, असे न्यायालयाने राज्याला आणि केंद्राला सांगितले होते. सरकारने मात्र दुसऱ्या दोन वाटा धरल्या. १९८७ च्या कायद्यात दुरुस्ती करून लीजांची मुदत २०३७ पर्यंत धरावी, अशी मागणी केंद्राकडे लावून धरण्यात आली. त्यासाठी दिल्लीला शिष्टमंडळे गेली आणि प्रत्येक अधिवेशनापूर्वी विधेयक येणार असे सांगितले गेले. ते आले नाही. दुसरी वाट होती फेरविचार याचिकेची. ती दाखल करायला तीस दिवसांची मुदत असते. राज्याने ती नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखल केली आणि जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची व वेदान्ता या खाण कंपनीची याचिका फेटाळताना हा उशीरही कारण म्हणून नोंदवला. न्यायालयाने लीजे रद्द केली, यापेक्षा मला या साडेतीन वर्षांचा राग अधिक आहे. लिलाव करायचा नव्हता तर तसे स्पष्ट सांगायला हवे होते, म्हणजे आमच्यासारख्यांनी टिपर विकून दुसरे काही पाहिले असते. ‘लवकरच सुरू होईल’ या एका वाक्याने हजारो कुटुंबांना जागच्या जागी थांबवून ठेवले.

त्या वर्षांत आमचा टिपर चिरे, खडी आणि भरावाची माती वाहत होता. कधी महिन्यात पंधरा दिवस काम असे, कधी आठवडाभरही नसे. पती एका शाळेची बस चालवू लागले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉयल्टी भरलेले, आधीच काढलेले खनिज हलवायला परवानगी दिली, तेव्हा काही आठवडे खेपा मिळाल्या आणि लगेच टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० पर्यंत हप्त्यांना सवलत दिली, ती आम्ही घेतली, पण त्या सहा महिन्यांचे व्याज मुद्दलात चढते हे लक्षात ठेवावे. नंतर बँकेशी बोलून हप्ता कमी व मुदत जास्त करून घेतली. त्यासाठी मी तोंडी विनंती केली नाही; मागील दोन वर्षांचा खेपांचा हिशेब, रद्द झालेल्या लीजांची सरकारी यादी आणि पुढच्या उत्पन्नाचा अंदाज जोडून अर्ज दिला. शाखाधिकाऱ्यांना वरिष्ठांकडे पाठवायला काहीतरी हाती लागते, आणि अर्ज पुढे सरकतो.

२०२१ मध्ये खनिज विकास महामंडळाचा कायदा विधानसभेत झाला आणि महामंडळच खाणी चालवणार असे काही महिने ऐकू आले. फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीनंतर तो विषय मागे पडला. मे २०२२ मध्ये जुन्या लीजधारकांना जागा रिकाम्या करण्याचे आदेश निघाले आणि सप्टेंबरअखेर पहिल्या चार ब्लॉकांची ई-लिलावाची सूचना आली. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने लोहखनिजावरील निर्यात शुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि नोव्हेंबरमध्ये ५८ टक्क्यांखालील प्रतीच्या खनिजावरून ते काढून टाकले. गोव्याचे बहुतेक खनिज याच प्रतीचे असल्याने लिलावावर याचा थेट परिणाम होता. डिसेंबर २०२२ मध्ये चारही ब्लॉक गेले. डिचोलीचा पहिला ब्लॉक वेदान्ताला मिळाला.

दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे एका वाहन विक्रेत्याचा फोन आला. महिन्याभरात काम सुरू होणार, आत्ता नोंदणी केली तर सवलत मिळेल, असे तो सांगत होता. या वेळी मात्र मी लिलावापासून पहिल्या खेपेपर्यंत कोणते कागद क्रमाने व्हावे लागतात, ते एका कागदावर लिहून काढले. लिलाव जिंकणाऱ्याला आधी इरादापत्र मिळते. मग भारतीय खाण ब्युरोची मान्यता असलेला खाण आराखडा लागतो. पर्यावरण परिणामांचा अभ्यास, त्यावर जनसुनावणी, तज्ज्ञ समितीची छाननी आणि नंतर पर्यावरण दाखला. त्यापुढे गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमती, सरकारशी करार, मुद्रांक शुल्क भरून लीजची नोंदणी, आणि सगळ्यांत शेवटी वाहतुकीचा मार्ग व ट्रकांची नोंदणी. इरादापत्रानंतर लीज करार होण्यासाठी नियमांनीच तीन वर्षांची मुदत दिलेली आहे. म्हणजे इरादापत्राची बातमी ही टिपर घेण्याची वेळ असू शकत नाही. हा कागद मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि जे जे होईल त्यापुढे तारीख घालत गेले. मनाची घालमेल त्यामुळे पुष्कळ कमी झाली. कोणी पुढारी काय बोलला यापेक्षा कोणत्या ओळीपुढे तारीख पडली, याकडे लक्ष राहिले.

जुन्या पर्यावरण दाखल्यांवरच नव्या लीजधारकांना काम सुरू करता येईल का, हा वाद मध्ये उभा राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने नवे दाखले आवश्यक असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात डिचोलीत आमच्या ब्लॉकाची जनसुनावणी झाली, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्यातले बरेच ट्रकमालक तिथे नुसती गर्दी करायला जातात.

जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत येते. पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. तो पंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पाहायला मिळतो. मी तो पंचायतीत बसून वाचला, वाहतुकीचा मार्ग, रोजच्या खेपा आणि पाणी उपसण्याविषयीची पाने लिहून घेतली. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात, सगळ्याचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवावे लागते. बोलायचे असेल तर नाव लवकर नोंदवावे आणि म्हणणे लेखीही द्यावे. वेळ संपली तरी लेखी निवेदन नोंदीत राहते.

माझा नंबर दुपारनंतर लागला. मी तीन गोष्टी मागितल्या : वाहतुकीचा मार्ग दाखल्याच्या अटींत नकाशासह यावा, स्थानिक ट्रकांची यादी पंचायतवार जाहीर व्हावी, आणि ब्लॉकाच्या हद्दीत आलेली घरे, देवळे व शेते वगळावीत. तिसरी मागणी ट्रकमालकाच्या तोंडून ऐकून मागच्या बाकांवरून थोडी कुजबुज झाली. हा ब्लॉक ४७८ हेक्टरांचा आहे आणि त्यात वस्त्या येतात. शिरगाव, मये, मुळगावच्या लोकांचा विरोध या कारणाने होता. माझ्यानंतर बोललेल्या एका वयस्क शेतकऱ्यांनी आपल्या वायंगणात (उन्हाळी भातशेतीत) गाळ आल्याचे सांगितले आणि कामाला सरसकट विरोध केला. त्यांचे म्हणणे ऐकताना मला वाटले, की त्यांना आणि मला सरकारकडून एकच गोष्ट हवी आहे : जे ठरेल ते लेखी असावे आणि पाळले जावे. घरे आणि शेते आत ठेवून घाईने दिलेला परवाना उद्या पुन्हा न्यायालयात अडकला, तर शेतकऱ्याचे नुकसान झालेले असेलच, आणि टिपरही पुन्हा उभा राहील. ट्रकमालकांनी जनसुनावणीत विरोधकांना गप्प करण्याऐवजी त्यांचे रास्त मुद्दे अटींमध्ये घालून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

जानेवारी २०२४ मध्ये पर्यावरण दाखला मिळाला. आठवडाभरात ट्रक सुरू होणार, अशा बातम्या आल्या, पण माझ्या कागदावरच्या काही ओळी अजून रिकाम्या होत्या. त्या भरत एप्रिल उजाडला, आणि एप्रिल २०२४ मध्ये काम सुरू झाले. जूनमध्ये पाऊस आला. लिलावातून सुरू झालेल्या पहिल्या खाणीचा पहिला हंगाम असा दोन महिन्यांचाही धड मिळाला नाही.

आमच्या टिपरची नव्याने नोंदणी करायला त्या एप्रिलमध्ये सुरुवात केली. फिटनेस, विमा, प्रदूषण तपासणी, कराची पावती, मान्यताप्राप्त जीपीएस यंत्र आणि बँक खात्याचा तपशील एवढे लागले. यंत्राला बसवणावळीसह दहा हजारांच्या आसपास खर्च आला. एका कार्यालयात आमचा अर्ज भलत्याच मालकाच्या नावाशी जोडला गेला होता आणि तो सोडवण्यात पावसाळा गेला. चूक संगणकातली असली तरी ती दाखवून देणारा कागद आपल्यालाच न्यावा लागतो. नोंदणी पुस्तकाची साक्षांकित प्रत आणि २०१७ चे विक्री बिल नेल्यावर काम झाले. दराच्या वाटाघाटी ट्रकमालक संघटना आणि कंपनी यांच्यात चालू होत्या, गावातून जाणाऱ्या मार्गांवरून तक्रारी होत्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या टिपरला नियमित खेपा मिळू लागल्या.

दिरांचे कर्ज मार्च २०२५ मध्ये फिटले. मूळ ६० हप्त्यांचे कर्ज आठ वर्षे चालले आणि जास्तीचे व्याज सव्वाचार लाखांच्या घरात गेले. शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपत नाही. बँकेकडून थकबाकी नसल्याचे पत्र आणि सही-शिक्क्यासह नमुना ३५ च्या दोन प्रती घ्याव्यात, त्या नोंदणी पुस्तक व विम्यासह वाहतूक खात्यात देऊन बोजा उतरवून घ्यावा आणि विमा पत्रावरूनही बँकेचे नाव काढावे. जामीनदारांना त्यांची जबाबदारी संपल्याचे पत्र स्वतंत्रपणे मागून घ्यावे. आमच्या जामीनदारांपैकी एकांना स्वतःच्या घरकर्जासाठी ते लागले.

आता येणाऱ्या मुलांना मी माझ्या त्या कागदाची प्रत देते. लीज करार नोंद झाला आहे का आणि प्रदूषण मंडळाची काम चालवण्याची संमती मिळाली आहे का, या दोन ओळींपुढे तारखा पडल्याशिवाय कर्जाचा अर्ज करू नका, त्या पडल्यानंतरही वर्षात सातच महिने काम आहे असे धरून हप्ता ठरवा, आणि नवा टिपर घेण्यापेक्षा चिरे-खडीच्या कामालाही चालेल असा चांगल्या स्थितीतला जुना पाहा, असे त्यांना सांगते. यांतल्या कोणत्या ओळीचे काम कोठवर आले, हे विचारायला आजही आम्हाला ओळखीच्या माणसामार्फत पणजीला जावे लागते. म्हणून प्रत्येक ब्लॉकाच्या परवान्यांची स्थिती तारखांसह पंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लावावी, असा अर्ज आम्ही काही ट्रकमालकांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून पंचायतीला दिला आहे. त्याची पोच माझ्या फायलीत आहे आणि येत्या ग्रामसभेत तो विषय घेण्याचे सरपंचांनी मान्य केले आहे.